मुरुड-जंजिरा : मुकीम किती, मुसाफिर किती?

मुंबई महापालिकेचा पी-उत्तर विभाग म्हणजे आमचे मालाड. मालाड पूर्व, मालाड पश्चिम, मालवणी, मार्वे, मढ हे सारे २०११ मध्ये त्यात येत होते. २०११ च्या जनगणनेत या एका विभागाची लोकसंख्या ९ लाख ४१ हजारांवर गेली. त्याच जनगणनेत रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा नगर परिषदेची लोकसंख्या भरली सुमारे १२ हजार २००. एका मालाडात सत्त्याहत्तर मुरुड मावतील असा हा हिशेब.

पण आम्हाला खरा विचार करायला लावला तो दुसऱ्या आकड्याने. २००१ मध्ये मुरुडची लोकसंख्या साडेबारा हजारांच्या आसपास होती. म्हणजे ज्या दहा वर्षांत मालाडमध्ये इमारतीला इमारत लागली, त्याच दहा वर्षांत मुरुडमध्ये माणसे कमी झाली. दोन-तीनशे माणसांचा फरक म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. मात्र गावात मुले जन्मतच असतात. वरवर थोडी घट दिसायची, तर त्यामागे त्याहून कितीतरी जास्त माणसे गाव सोडून गेलेली असतात.

ती कुठे गेली हे मालवणीत राहणाऱ्या आम्हा लोकांना कुणी सांगायला नको. आमच्या गल्लीत मुरुडचे घर आहे, म्हसळ्याचे आहे, श्रीवर्धनचे आहे, पलीकडे दापोली-मंडणगडकडची घरे आहेत. लग्नाच्या पत्रिकेवर गावाचे नाव छापले जाते, कब्रस्तानातून परतताना गावाची आठवण निघते, आणि मे महिन्यात आंबे येतात. यापलीकडे गाव आता किती उरले, हे पाहावे म्हणून आम्ही तीन कुटुंबे, लहानथोर मिळून अकरा जण, हिवाळ्यात मुरुडला पाच दिवसांसाठी निघालो. आमच्यातल्या एका कुटुंबाचे तिथे वडिलोपार्जित घर आहे. दादी गेल्यापासून ते बंद आहे. त्या घराला गिऱ्हाईक आले होते आणि काय ते ठरवायचे होते, हेही जाण्याचे एक कारण.

वाटेवरची जुनी शिरगणती

पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग असा रस्ता धरला की पुढे चौल-रेवदंडा लागते. पर्यटकांच्या गाड्या इथे थांबत नाहीत. आम्ही थांबलो, कारण कोकणी मुसलमानांच्या इतिहासातले हे फार जुने पान आहे. अरबांच्या लिखाणात चौलचे नाव सैमूर. इसवी सन ९१६ च्या सुमारास प्रसिद्ध प्रवासी अल-मसऊदी इथे आला होता. या बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी होते, तसेच इथल्याच मातीत जन्मलेलेही होते. इथे जन्मलेल्यांना 'बयासिरा' म्हणत.

हजार वर्षांपूर्वीची ही एका किनारी गावाची शिरगणतीच म्हणायची. आलेले किती आणि इथलेच किती, हा प्रश्न त्या वेळीही विचारला जात होता. आज चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले शांत गाव. खाडीत गाळ साचला, मुंबई बंदर वाढले, व्यापार सरकला आणि व्यापारामागे माणसे सरकली. याच पट्ट्यात बेने इस्राएल समाजाची गावे होती. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून हा समाज 'शनवार तेली' नावाने ओळखला जाई. जंजिरा संस्थानात कारभाऱ्याच्या पदापर्यंत त्यांच्यातले लोक पोहोचले होते. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. त्यांची घरे, प्रार्थनास्थळे आणि दफनभूमी मागे राहिली.

रेवदंड्यानंतर साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडला, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी मिळून झालेली बोली अजून घरात बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. आमच्या मालाडातही मढच्या वाटेवर एरंगळला १५७५ सालचे पोर्तुगीजकालीन चर्च आहे. पण तिथली ख्रिस्ती मंडळी मराठी बोलतात. एकाच राजवटीखालच्या दोन किनाऱ्यांपैकी एकावर भाषा टिकली, दुसऱ्यावर नाही. कोर्लईत ती टिकली, कारण त्या वस्तीतली घरे एकमेकांना धरून एका जागी राहिली.

संस्थानाचे गाव

काशीद, नांदगाव मागे टाकून गाडी मुरुडच्या अलीकडे येते तेव्हा समुद्राच्या बाजूला टेकडीवर नवाबांचा वाडा दिसतो. तो खासगी आहे, आत जाता येत नाही. रस्त्यावरून त्याचे घुमट आणि कमानी पाहायच्या आणि खाली उतरायचे. खाली एका बाजूला वाळूचा लांब किनारा, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, मधे पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या आड कौलारू घरे, असे हे गाव.

जंजिरा म्हणजे अरबी जझिरा, बेट. सिद्दी मूळचे आफ्रिकेच्या पूर्वेकडचे, हबशी. म्हणून या संस्थानाला लोक 'हबसाण' म्हणत. निजामशाही, आदिलशाही आणि पुढे मोगल यांचे आरमार सांभाळता सांभाळता त्यांनी समुद्रातल्या या किल्ल्यावर आपली सत्ता पक्की केली. छत्रपती शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी तो घेण्याचे प्रयत्न केले. महाराजांनी समोरच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. तरी जंजिरा अखेरपर्यंत सिद्दींकडेच राहिला आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले.

मुरुडमध्ये फिरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. राज्य सिद्दींचे होते, पण सिद्दी संख्येने नेहमीच थोडे. प्रजा म्हणजे कोळी, आगरी, कुणबी, ब्राह्मण, भंडारी आणि कोकणी मुसलमान. १९०१ च्या जनगणनेत सगळ्या संस्थानाची लोकसंख्या ८५ हजार ४१४ होती. मुंबईला इथून तीन गोष्टी जात: खलाशी, मासेमार आणि जळाऊ लाकूड. आगबोटीची नियमित ये-जा होती. तेव्हा मुरुडच्या माणसाचे मुंबईला जाणे आजकालचे नाही. संस्थानच्या काळातही या गावातून मुंबईला माणसे जातच होती. मात्र आगबोटीने गेलेला खलाशी पावसाळ्यात दर्या बंद झाला की घरी परते. आजचा मुलगा परतत नाही, एवढा फरक पडला आहे.

या गावाने विद्येची कदर केली, हेही सांगितले पाहिजे. नवाब सिद्दी अहमद खान यांची बेगम नाझली ही फैजी घराण्यातली. तिची धाकटी बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेली होती. या बहिणींमुळे जंजिऱ्याचे नाव उर्दू साहित्यात आले. मौलाना शिबली नोमानी इथे पाहुणे म्हणून येऊन राहिले. अल्लामा इक्बाल यांनाही आमंत्रण होते, पण त्यांचे येणे झाले नाही. आज गावात नवाबांच्या नावाचे हायस्कूल आहे आणि अंजुमन इस्लाम जंजिरा या संस्थेचे विज्ञान महाविद्यालय आहे. बारा हजारांच्या गावात विज्ञानाची पदवी घेता येते, ही लहान गोष्ट नव्हे.

ओस पडलेला किल्ला

किल्ल्याला जायचे तर चार-पाच किलोमीटरवरच्या राजपुरीला जावे लागते. तिथून शिडाच्या होड्या सुटतात. जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी होड्या थांबतात, पावसाळ्यात बंद असतात. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. तटातून गोल बुरूज एकामागून एक पुढे आलेले, त्यांवर तोफा. त्यांतली कलालबांगडी सर्वांत नावाजलेली. दरवाज्याजवळच्या दगडात पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेले श्वापद कोरले आहे. मुलांनी हत्ती मोजण्यातच बराच वेळ घालवला.

आत मात्र मन उदास होते. चारी बाजूंना खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. मशीद आहे, पडक्या वाड्याच्या भिंती आहेत, घरांची जोती आहेत. इथे केवळ शिबंदी नव्हती, संसार होते. मोहल्ले होते. आमच्या होडीवाल्या चाचांनी एका जोत्याकडे बोट दाखवून सांगितले, "आमच्या आजीचा जन्म इथला. लग्न होऊन ती राजपुरीत आली. मग हळूहळू सगळेच आले." किल्ला कुणी जिंकून रिकामा केला नाही. संस्थान गेले, पगार गेले, शाळा-दवाखाना किनाऱ्यावर होता, म्हणून एकेक घर होडीत बसून निघून आले. ज्या तटाला तोफा पाडू शकल्या नाहीत तो रोजीरोटीने रिकामा केला.

राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांचे तीन घुमट आहेत. सर्वांत मोठा सिद्दी सुरूल खानाचा, बाकी दोन सिद्दी याकूत खान आणि खैरियत खान यांचे. याच याकूत खानाने १६८९ मध्ये मुंबईवर स्वारी करून इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडले होते. आज तिथे आमच्याखेरीज एक शेळ्या राखणारी मुलगी होती. आम्ही फातिहा पढलो आणि परतलो.

गाव कुणाच्या हाती आहे

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गाव पाहायला लागलो. पहाटे मासळीच्या लिलावाजवळ कोळणी. एकदऱ्याकडून आलेल्या टोपल्यांत बोंबील, मांदेली, कोळंबी. भाव करणारी बाई, मोजणारी बाई, बर्फ फोडणारीही बाई. सकाळी पोस्टात आणि बँकेत रांगेत बुरख्यातल्या, नऊवारीतल्या, पंजाबी पोशाखातल्या बायका. दुपारी शिलाई मशीन, पापड, सुपारी सोलणे. पुरुष नाहीत असे नाही. दुकानांत आहेत, रिक्षांवर आहेत, बोटींवर आहेत. पण पंचवीस ते पन्नास वयाचा पुरुष रस्त्यावर शोधावा लागतो.

आकडेही हेच सांगतात. २०११ मध्ये मुरुड शहरात पुरुषांपेक्षा स्त्रिया थोड्या अधिक होत्या. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि त्या जिल्ह्याची एकूण लोकसंख्या दहा वर्षांत ८० हजारांहून अधिक घटली होती. त्याच वेळी आमच्या मुंबई उपनगर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया फक्त ८६०. कोकणातून जो पुरुष कमी होतो तो मालाडात, जोगेश्वरीत, कुर्ल्यात मोजला जातो, नाहीतर कुवेत-दुबईत असतो आणि इथे मोजलाच जात नाही. रायगड जिल्हा वाढतो असे दिसते, पण त्या वाढीतला मोठा वाटा पनवेलकडचा आहे, मुरुडचा नाही.

आम्ही उतरलो होतो ते घर एका विधवा खालाचे. नवरा बावीस वर्षे कुवेतला होता. आजारी होऊन परतला आणि दोन वर्षांत गेला. एक मुलगा मीरा रोडला, एक दुबईला, मुलगी महाडला दिलेली. खाला दोन खोल्या पाहुण्यांना देते. तिच्या हातची तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण आणि शेवटच्या दिवशी केलेले सांदण आमच्या मुलांच्या अजून तोंडात आहे. पण आमच्या लक्षात राहिले ते तिचे बोलणे.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्याआधी दोन-अडीच महिने टाळेबंदी होती. मुंबईतली कामे बंद झाली आणि चाकरमानी जमेल तसे गावाला परतले. कित्येक वर्षे बंद असलेल्या घरांत चुली पेटल्या. खाला म्हणाली, "तेवढे दोन महिने गाव भरलेले पाहिले. मशिदी बंद होत्या म्हणून नमाज घरातच, पण अंगणात अंगणात माणसे होती. मग वादळ आले. पत्रे उडाले, पण बसवायला पोरे होती. एकदा मुंबई उघडली, पोरे गेली. पडलेल्या पोफळी मोजायला मीच राहिले. पंचनाम्याला तलाठ्याबरोबर वाडीत मीच फिरले."

पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. ज्यांनी वादळानंतर लगेच लावले त्यांची आता कुठे धरू लागली आहेत. ज्यांच्या वाड्यांवर राखण करायला कुणी नव्हते त्यांनी लावलेच नाही. ती जागा मोकळी आहे, आणि मोकळ्या जागेला गिऱ्हाईक लवकर येते. शनिवार-रविवारी मुरुडच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. राहण्याच्या सोयी वाढल्या, खालासारख्या कितीतरी बायकांना त्यातून हक्काचे दोन पैसे मिळतात. पण वाडी विकून उभे राहिलेले हॉटेल आणि वाडीत राहून चालवलेले घर यांत फरक आहे. पहिल्यात गावचा माणूस नोकर होतो, दुसऱ्यात मालक राहतो.

नुकसानभरपाईचा विषय निघाला तेव्हा खालाने कपाटातून सातबारा काढून दाखवला. सतरा नावे! त्यांतले सहा जण अल्लाहला प्यारे झालेले, चार परदेशात, उरलेले मुंबईत. प्रत्येकाची संमती मिळवायची तर बाईने किती दारे ठोठवावी? कोकणात वाडी पडून राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. गाव सोडताना माणूस सामान नेतो, नाव मात्र कागदावर ठेवून जातो. मग राहणाऱ्याला काही करता येत नाही आणि गेलेल्याला वेळ नसतो.

नवे मुकीम

जुम्म्याला आम्ही बाजारपेठेजवळच्या मशिदीत गेलो. कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. आमच्याबरोबरच्या एका तरुणाने नमाजानंतर पेशइमामांना विचारले, "आमचे घर इथे आहे, पण राहतो मालाडला. पाच दिवसांसाठी आलो आहोत. मग आम्ही इथे मुसाफिर की मुकीम?" इमामसाहेबांनी चार किंवा अधिक दिवस थांबण्याच्या इराद्याचा मसला समजावून सांगितला. मग हसून म्हणाले, "मसला सोपा आहे. पण तुमचा सवाल नमाजाचा नाही वाटत, घराचा वाटतो."

बोलता बोलता कळले की इमामसाहेब स्वतः बिहारचे. अकरा वर्षांपूर्वी आले, मुले इथेच जन्मली, इथल्याच उर्दू शाळेत शिकतात आणि घरात कोकणी मराठी बोलतात. बोटींवर परप्रांतातले खलाशी आहेत. बांधकामावर, हॉटेलांत, बेकरीत बाहेरची माणसे आहेत. काहींनी कुटुंबे आणली आहेत. त्यांच्या मुलांमुळे शाळेचा पट टिकून आहे, असे एका शिक्षिकेने सांगितले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये मांडला, तेव्हापासून कोकणातल्या लहान गावांत पटाची धास्ती आहे. मराठी शाळा असो की उर्दू, मूल हवे. मग ते नवाबाच्या काळापासूनच्या घरातले असो की कालच्या गाडीने उतरलेल्या गवंड्याचे.

गावातल्या काही वडीलधाऱ्यांना हे बाहेरचे लोक खुपतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. आपली पोरे गेली आणि दुसऱ्यांची आली, हे पाहणे सोपे नाही. पण आम्हाला चौलची आठवण झाली. सिराफ-ओमानहून आलेले आणि इथे जन्मलेले बयासिरा, हे दोन्ही एका पिढीच्या अंतराने एकच झाले. आपण स्वतःला कोकणचे म्हणतो ते अशाच कुणा आलेल्याने इथे राहायचे ठरवले म्हणून. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेतून आलेले. गाव कुणाचे, याचे उत्तर शेवटी जो राहतो, झाड लावतो, शेजाऱ्याच्या मयतीला खांदा देतो त्याच्याकडे जाते.

शिक्षिकेने आणखी एक गोष्ट सांगितली. मुली शाळेत टिकतात, महाविद्यालयात जातात, चांगले गुण आणतात. मुलगे बारावीच्या आधीच पासपोर्टच्या गोष्टी करतात. मग शिकलेल्या मुलीला तिच्या तोडीचे स्थळ गावात मिळत नाही, ती लग्न होऊन मुंब्य्राला, मालाडला येते. म्हणजे मुलगा रोजीसाठी जातो, मुलगी लग्नाने जाते, आणि राहते ती त्यांची आई. अशा आया किती वर्षे गाव चालवणार, हा मुरुडचा खरा प्रश्न आहे. पदवीधर मुलीला गावातच काम मिळाले तर चित्र बदलेल. मासळीवर प्रक्रिया, सुपारी-नारळाचा माल, पर्यटनाचा हिशेब, दवाखाना, शाळा, यांत अशा मुलींसाठी जागा आहे. फणसाडचे जंगल, जे एकेकाळी नवाबांच्या शिकारीसाठी राखलेले होते आणि १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे वाट दाखवण्याचे कामही मुली करू शकतील.

बंद घराचे दार

चौथ्या दिवशी आम्ही त्या बंद घराकडे गेलो. कुलूप गंजले होते, तेल घालून उघडावे लागले. पडवीत झोपाळ्याच्या कड्या तशाच, विहिरीवर पिंपळ उगवलेला, मागच्या पाच पोफळी वादळात आडव्या झालेल्या. गिऱ्हाईक येऊन बसले होते. माणूस सभ्य होता, पैसेही बरे देत होता. आमच्यातल्या भावांची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात त्या घरच्या फुफी, ज्या आमच्याबरोबर मालाडहून आल्या होत्या, शांतपणे म्हणाल्या, "विका किंवा ठेवा. पण आधी आम्हा तिघी बहिणींची नावे कागदावर येऊ द्या. अब्बाजींना जाऊन तीस वर्षे झाली."

सगळे गप्प झाले. शरियतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, यात कुणाला शंका नव्हती. वाजमध्ये आपण ते ऐकतो. पण कोकणातल्या कितीतरी कागदांवर मुलींची नावे नाहीत, कारण 'बहीण काही मागणार नाही' असे गृहीत धरलेले असते. गाव ज्या बायकांच्या जोरावर चालते त्यांचेच नाव गावच्या कागदावर नसावे, यासारखी विसंगती नाही. गिऱ्हाइकाला चहा देऊन निरोप दिला. वारस नोंदीसाठी काय काय कागद लागतात त्याची यादी थोरल्या भावाने त्याच दुपारी कचेरीत जाऊन लिहून आणली: मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, प्रतिज्ञापत्र. काम अवघड नाही, पण ते गावात येऊन करावे लागते.

ज्यांचे कोकणात बंद घर आहे अशा वाचकांना आम्ही एवढेच सुचवू. मेमध्ये आंब्यासाठी जाल तेव्हा दोन दिवस जास्त काढा आणि सातबारा, घरपट्टी, वारस नोंद पाहून घ्या. बहिणींचा हिस्सा लावा. वाडी स्वतः करता येत नसेल तर जो शेजारी राहतो त्याला लिहून करायला द्या. विकायचे असेल तर आधी गावात राहणाऱ्याला विचारा. किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा आणि शक्य तर खालासारख्या कुणाच्या घरी उतरावे.

२०२१ ची जनगणना करोनामुळे झाली नाही. आता २०२७ ची ठरली आहे. त्याआधी घरांची मोजणी होते. प्रगणक दारावर येतो, घर राहते आहे की बंद, ते लिहितो आणि पुढच्या दाराकडे जातो. मुरुडच्या त्या गल्लीत आठ घरे आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्यांतली पाच बंद होती.

फुफी आता सत्तरीच्या आहेत. मालाडच्या चौथ्या मजल्यावरून त्यांना खाली उतरवत नाही, लिफ्ट वारंवार बंद असते. परतीच्या प्रवासात पेणजवळ त्यांनी मुलाला सांगितले, "नोंदीचे काम तुम्ही करा. रमजान ईद झाली की मला इथे आणून सोडा. विहिरीवर पंप बसवा आणि पाच पोफळीची रोपे आणा. सुपारी मी पाहीन की नाही ते अल्लाह जाणे. पाणी तर मी घालू शकते."

पंपाची किंमत मुलाने विचारून ठेवली आहे. रोपे खाला देणार आहे.